कोलंबस, इंडियाना : घरांची वये आणि त्यांचे मोल
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

परदेशातील घरखरेदीविषयी आलेल्या पत्रांत न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा इंडियाना राज्यातील कोलंबस या लहानशा शहराचे नाव अधिक वेळा आलेले पाहून प्रथम नवल वाटले. पत्रांवरचे पत्ते पाहिल्यावर मात्र कारण उलगडले. कमिन्स ही इंजिने बनवणारी कंपनी १९१९ मध्ये याच गावात स्थापन झाली, तिचे मुख्यालय आजही तेथेच आहे आणि १९६२ पासून, म्हणजे किर्लोस्कर कमिन्सच्या काळापासून, पुण्याशी तिचा घरोबा आहे. त्यामुळे पुण्यातील कित्येक कुटुंबांतील कोणी ना कोणी कोलंबसला जाऊन आलेले असते, आणि काही जण तेथेच स्थिरावलेले असतात. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५०,४७४ आणि ज्या बार्थोलोम्यू परगण्याचे ते मुख्य ठिकाण आहे त्याची सुमारे ८२ हजार. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा कोलंबसला नोकरीस असून आता घर घेण्याच्या विचारात आहे. एका संकेतस्थळावर शहरातील घरांची मध्यक किंमत पाहिली, दुसऱ्यावर ती निराळीच होती, आणि मुलाला जी घरे दाखवली जात आहेत ती या दोन्ही आकड्यांपेक्षा बरीच महाग आहेत. आम्ही कोणत्या आकड्यावर विसंबावे?
— एक निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड, पुणे

घराची किंमत ठरवण्यासाठी यांपैकी एकाही आकड्यावर विसंबू नये. पण आपण बँकेत आयुष्य घालवले आहे, तेव्हा हे आकडे कसे तयार होतात ते थोडे सविस्तर सांगतो.

शहराची माहिती देणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांवरील 'मध्यक किंमत' अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाच्या नमुना पाहणीतून घेतलेली असते. अर्धी घरे जिच्याहून स्वस्त आणि अर्धी जिच्याहून महाग, ती ही किंमत. या पाहणीत घरमालकाला विचारले जाते की, हे घर आणि त्याची जागा आज विकायला काढली तर काय येईल, असे आपल्याला वाटते. मालक जो आकडा लिहील तो ग्राह्य धरला जातो. त्यामागे खरेदीखत नसते, की कोणा मूल्यांकनकाराचा अहवाल नसतो. ज्याने वीस वर्षांपूर्वी घर घेतले आणि ते विकण्याचा विचारही ज्याच्या मनात नाही, त्याने बाजाराचा अंदाज अचूक बांधला असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट अशी की, या पाहणीचे सविस्तर तक्ते दरवर्षी स्वतंत्रपणे मिळतात ते ६५ हजार किंवा त्याहून अधिक वस्तीच्या ठिकाणांसाठी. कोलंबस शहर त्या मर्यादेखाली असल्यामुळे त्याचे आकडे पाच वर्षांची उत्तरे एकत्र करून काढले जातात. जुनी उत्तरे महागाईचा हिशेब घालून शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये आणली जातात हे खरे. परंतु घरांच्या किमती काही सर्वसाधारण महागाईच्या चालीने चालत नाहीत, आणि २०२० ते २०२२ या काळात तर अमेरिकेत त्या महागाईच्या कितीतरी पुढे निघून गेल्या. म्हणून बाजार चढता असताना हा आकडा मागे रेंगाळतो. शिवाय मालक स्वतः राहत असलेली फिरती घरे, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेली 'मोबाइल होम', याच हिशेबात येतात आणि तीही मध्यक खाली ओढतात.

दलालांच्या संकेतस्थळांवरचा आकडा वेगळ्या वाटेने येतो. तो विक्रीला आलेल्या किंवा विकल्या गेलेल्या घरांचा असतो, आणि बाजारात आलेली घरे म्हणजे गावातील सगळी घरे नव्हेत. एखाद्या महिन्यात गावाबाहेरच्या नव्या वसाहतीतील घरांची नोंदणी अधिक झाली की मध्यक उंच उडतो, पुढच्या महिन्यात जुनी छोटी घरे विकली गेली की तो खाली येतो. प्रत्यक्षात कोणाच्याच घराची किंमत हललेली नसते. मोठ्या शहरात महिन्याला हजारो व्यवहार होत असल्याने असे चढउतार एकमेकांत मुरून जातात, कोलंबसच्या आकाराच्या गावात मुरत नाहीत. त्यात काही संकेतस्थळे शहराच्या हद्दीऐवजी ४७२०१ आणि ४७२०३ हे टपाल क्रमांक धरतात. हे क्रमांक हद्दीबाहेरच्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांपर्यंत पसरलेले असल्याने काही एकर जमीन असलेली घरेही त्यात मोजली जातात. (ओहायो राज्याची राजधानीही कोलंबसच, आणि ती नऊ लाख वस्तीची. दोघांचे आकडे एकमेकांत मिसळलेली पाने आम्ही पाहिली आहेत, तेव्हा राज्याचे नाव आधी तपासावे.)

किमती किती वेगाने चढल्या एवढेच जाणून घ्यायचे असेल तर केंद्र सरकारच्या गृहवित्त नियामकाचा निर्देशांक अधिक भरवशाचा आहे. एकच घर दोनदा विकले गेले किंवा त्यावर पुन्हा कर्ज काढले गेले की त्या दोन किमतींची तुलना करून तो काढला जातो, त्यामुळे कोणत्या प्रकारची घरे बाजारात आली याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. बार्थोलोम्यू परगणा हे स्वतंत्र महानगर क्षेत्र मानले जात असल्याने कोलंबसचा निराळा निर्देशांकही मिळतो. मात्र त्यावरून वेग कळतो, पातळी नाही.

पातळीसाठी मुलाला एकच काम सांगावे : त्याच वसाहतीत, त्याच वयाची आणि तेवढ्याच आकाराची जी तीन-चार घरे गेल्या सहा महिन्यांत विकली गेली, त्यांच्या प्रत्यक्ष किमती त्याने पाहाव्यात. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारदरबारी उघड करण्याचे बंधन नाही. इंडियानात खरेदीच्या वेळी ती परगण्याच्या मूल्यनिर्धारकाकडे नोंदवावी लागते आणि ही नोंद कोणालाही पाहता येते. संकेतस्थळांवर संगणकाने काढलेल्या अंदाजांविषयी एवढेच सांगतो की, असे अंदाज देणाऱ्या झिलो या कंपनीने स्वतः घरे विकत घेण्याचा धंदा २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये गुंडाळला. घरांच्या पुढच्या किमतींचा अंदाज पुरेसा नेमका बांधता येत नाही, असे कारण तिनेच दिले होते.

प्रश्न : आधुनिक वास्तुकलेची पंढरी म्हणून कोलंबसचे नाव आम्हाला महाविद्यालयात शिकवले जाते. या वारशामुळे तेथील घरांच्या किमती वाढल्या आहेत काय?
— वास्तुकलेची एक विद्यार्थिनी, नाशिक

फारशा नाहीत, आणि त्याचे कारण त्या वारशाच्या घडणीतच आहे. एलिएल सारिनेन यांचे फर्स्ट ख्रिश्चन चर्च १९४२ चे, त्यांचे पुत्र एरो यांची आयर्विन युनियन बँक १९५४ ची आणि नॉर्थ ख्रिश्चन चर्च १९६४ चे, आय. एम. पेई यांचे ग्रंथालय १९६९ चे. कमिन्सचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांनी कंपनीच्या प्रतिष्ठानामार्फत जी योजना सुरू केली, तिच्यात सार्वजनिक इमारतीसाठी नामवंत वास्तुविशारद निवडल्यास त्याचे शुल्क प्रतिष्ठान देत असे. हॅरी वीस यांची शाळा ही तिची सुरुवात, आणि पुढे शाळा, अग्निशमन केंद्रे अशा कितीतरी इमारती तिच्यातून उभ्या राहिल्या. खासगी घरांचा त्या योजनेशी संबंध नव्हता. गावातील सर्वांत प्रसिद्ध घर, एरो सारिनेन यांनी रचलेले आणि १९५७ मध्ये पूर्ण झालेले मिलर यांचे निवासस्थान, आता इंडियानापोलिसच्या कला संग्रहालयाकडे आहे, म्हणजे बाजाराच्या बाहेर आहे.

सर्वसामान्य कोलंबसकर राहतो ते घर पाहाल तर कदाचित निराशा होईल : लाकडी सांगाड्याचे, बाहेरून विटांचा किंवा विनायलच्या पट्ट्यांचा पापुद्रा, डांबरी शिंगलांचे छप्पर, शेजारी मोटारीची खोली. असे घर मध्य-पश्चिमेतील कोणत्याही गावात आढळेल. वारशाचा लाभ झाला असेल तर तो आडवाटेने, चांगल्या शाळा आणि चांगले ग्रंथालय असलेल्या गावात बाहेरचा अभियंता कुटुंबासह यायला तयार होतो, एवढाच. उलट एखादे खरोखर आधुनिक शैलीचे खासगी घर विक्रीला आले तर त्याच्याशी तुलना करायला गावात दुसरे घर मिळत नाही. मूल्यांकनकार अडखळतो, त्याच्या अहवालावर कर्ज देणारी बँकही अडखळते, आणि मालकाला मनासारखा रसिक भेटेपर्यंत थांबावे लागते.

प्रश्न : आम्ही येथे भाड्याने राहतो. शहराच्या पूर्व भागातील १९६० च्या आसपासचे घर आणि पश्चिमेकडील नवे घर यांच्या किमतीत फार अंतर दिसते. आमच्या सांगलीला जुना बंगला म्हणजे सोने, कारण जागा मोक्याची. येथे जुन्या घराला एवढा कमी भाव का, आणि ते घ्यावे का?
— एक वाचक भगिनी, कोलंबस

ताई, सांगलीत बंगल्याची किंमत ही प्रायः जागेची किंमत असते. वरची इमारत पाडून मजले चढवता येतात, म्हणून जमीन बोलते. कोलंबसभोवती सपाट शेतजमीन मुबलक आहे, आणि एका कुटुंबासाठी राखून ठेवलेल्या विभागात जुने घर पाडून तेथे सदनिका उभारता येत नाहीत. त्यामुळे तेथे किंमत मुख्यतः इमारतीची असते, आणि इमारत वर्षागणिक झिजते.

शहराची घरे काळाच्या थरांनी ओळखता येतात. वॉशिंग्टन स्ट्रीटच्या आसपासच्या जुन्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्याच्या आरंभीची दुमजली घरे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना वाढला तसतशी उत्तरेला आणि पूर्वेला एकमजली 'रँच' घरांची रांग लागली. पुढे नदीपलीकडे पश्चिमेला टिप्टन लेक्ससारखी तळ्यांभोवती आखलेली वसाहत आली. आणि २००० साली सुमारे ३९ हजार असलेली वस्ती वीस वर्षांत पन्नास हजारांवर गेली, तिच्यासाठी कडेकडेने नव्या वसाहती झाल्या. दोन घरांतील अंतर पुष्कळदा पूर्व आणि पश्चिम या दिशांचे नसून या थरांचे असते.

जुने घर घ्यावे की नाही, हे ठरवण्यापूर्वी परगण्याच्या मूल्यनिर्धारकाकडील त्या घराचे मालमत्ता पत्रक काढा. ते बहुधा संगणकावरच मिळते. वरच्या भागात भूखंडाचा क्रमांक, एकरांत क्षेत्रफळ आणि आजवरच्या हस्तांतरणांच्या तारखा असतात. एखादे घर थोड्या वर्षांत वारंवार हात बदलत आले असेल तर तेथे थांबून कारण विचारावे. त्याखाली जमीन आणि बांधकाम यांचे मूल्य वेगवेगळे लिहिलेले असते. आपल्या सांगलीच्या हिशेबाचे उत्तर या दोन आकड्यांत मिळेल, कारण जमिनीचा आकडा बहुतेकदा बांधकामाच्या आकड्यापेक्षा पुष्कळ लहान दिसतो. मग बांधणीचा दर्जा एका अक्षराने दाखवलेला असतो, 'सी' म्हणजे सर्वसाधारण, आणि त्याच्या वर-खाली अधिक-उणे. सोबत घराची स्थिती, बांधल्याचे वर्ष आणि दुरुस्त्या धरून मानलेले वर्ष. शेवटी घराचा चौकोनी आराखडा, प्रत्येक बाजूची लांबी फुटांत, आणि कोणत्या भागाखाली तळघर आहे, कोणत्या भागाखाली जेमतेम रांगत जाता येईल एवढी पोकळी आहे आणि कोणता भाग थेट काँक्रीटच्या लादीवर बसलेला आहे, याची खूण. विक्रेत्याच्या जाहिरातीत चार शयनगृहे असतील आणि पत्रकात तीन, तर चौथे केव्हा आणि परवान्याने झाले का, हे विचारायलाच हवे.

क्षेत्रफळाबाबतही आपल्याकडची सवय सोडावी लागते. तेथे बिल्टअप आणि सुपर बिल्टअपची भानगड नाही. घराचे क्षेत्र बाहेरच्या भिंतींवरून मोजतात, पण मोटारीची खोली त्यात धरत नाहीत आणि जमिनीच्या पातळीखालचे तळघर कितीही सजवलेले असले तरी वेगळे लिहितात. जाहिरातदार मात्र कधी कधी तळघर मिळवून एकच मोठा आकडा देतो. प्रति चौरस फूट दराची तुलना करताना हे आधी वजा करावे, नाहीतर तळघर नसलेले घर उगाचच महाग वाटेल.

आमचे मत विचाराल तर साठीच्या दशकातील सांभाळलेले रँच घर हा वाईट सौदा नाही. छप्पर, हिवाळ्यात घर उबदार ठेवणारी भट्टी आणि वातानुकूलन यंत्र यांची वये विचारून घ्यावीत, कारण ही तीन कामे एकदम अंगावर आली तर स्वस्त घर महागात पडते. घराखालच्या पोकळीत ओल आहे का, हे पाहायला तपासनीसाला आत उतरायला लावावे. बाहेरून विजेरी मारून 'ठीक आहे' म्हणणारा तपासनीस बदलावा. जमिनीतून घरात शिरणाऱ्या, आरोग्यास घातक रेडॉन वायूची चाचणी करून घ्यावी. आणि १९७८ पूर्वीच्या घरात शिसेयुक्त रंगाविषयी जी माहिती विक्रेत्याला असेल ती लेखी देणे कायद्याने बंधनकारक आहे. घरात रांगते मूल असेल तर तो कागद फाइलमध्ये टाकण्यापूर्वी वाचावा.

प्रश्न : २००८ च्या पुराविषयी ऐकले आहे. त्याचा घरांच्या मोलाशी अजून संबंध आहे काय?
— एक वाचक, पिंपरी

आहे. ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या नद्या कोलंबसपाशीच मिळतात आणि त्यांची व्हाइट नदीची पूर्व शाखा होते; याखेरीज हॉ क्रीक नावाचा ओढा वस्तीतूनच वाहतो. ७ जून २००८ रोजी या ओढ्याचे पाणी सतराव्या रस्त्यावरील प्रादेशिक रुग्णालयात शिरले, रुग्णांना रातोरात हलवावे लागले आणि रुग्णालय काही महिने बंद राहिले.

घर पूररेषेत आहे का, हे केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या नकाशावर पाहता येते. नकाशावरील मुख्य धोक्याचा पट्टा म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास जाते. या पट्ट्यातील घरावर बँकेचे कर्ज हवे असेल तर पूरविमा घ्यावाच लागतो, कारण घराच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो, आणि त्याचा हप्ता दरमहाच्या खर्चात मिळवल्यावर शेजारच्या उंचावरील घरापेक्षा हे घर का स्वस्त आहे ते कळते. पट्ट्याबाहेर असलात तरी विमा घेण्यास आडकाठी नाही. फक्त ढग दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही, कारण सरकारी पूरविमा बहुधा तीस दिवसांनी लागू होतो.

प्रश्न : मुलगी म्हणते, घरे विक्रीलाच येत नाहीत. गावाभोवती एवढी जमीन असताना घरांचा तुटवडा कसा?
— एक गृहिणी, ठाणे

कारण ज्यांच्याकडे घरे आहेत ते जागचे हलेनासे झाले आहेत. अमेरिकेत गृहकर्जाचा व्याजदर सामान्यतः तीस वर्षांसाठी एकदाच ठरतो. आपल्याकडे रेपो दर हलला की हप्ता किंवा मुदत हलते, तसे तेथे होत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये हा दर तीन टक्क्यांच्या आसपास आला होता, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तो पावणेआठ टक्क्यांपर्यंत चढला. दोन लाख डॉलरच्या कर्जावर तीन टक्क्यांनी महिन्याला सुमारे ८४३ डॉलर पडतात, सात टक्क्यांनी सुमारे १,३३१. जुने कर्ज सामान्यतः नव्या घरावर नेता येत नाही. मग ज्याचा हप्ता ८४३ आहे त्याने मुलांची खोली अपुरी पडते म्हणून घर विकून, तेवढ्याच कर्जासाठी दीडपटीहून अधिक हप्ता का भरावा? तो घराला एक खोली जोडतो आणि तेथेच राहतो.

जमीन आहे हे खरे, परंतु रस्ते, सांडपाणी आणि पाणी नेल्याखेरीज शेताची वसाहत होत नाही, आणि बांधकामाचा खर्च वाढल्यावर बिल्डर स्वस्त छोटे घर बांधण्यापेक्षा मोठे बांधणे पसंत करतो. त्यामुळे पहिले घर घेणाऱ्याला परवडेल असा थर म्हणजे पुन्हा तीच साठ-सत्तर वर्षांची रँच घरे, आणि त्यांच्यावर भाड्याने देण्यासाठी घर शोधणाऱ्यांचीही नजर असते. कंपनीच्या कामावर दोन-तीन वर्षांसाठी येणारे अभियंते घर घेत नाहीत, भाड्याने राहतात. तेव्हा भाडेकरूंना तोटा नाही.

प्रश्न : एकाच कंपनीच्या जिवावर उभ्या असलेल्या गावात घर घेणे शहाणपणाचे आहे का?
— एक कामगार वाचक, भोसरी

गाव सर्वस्वी एकाच कंपनीवर आहे असे म्हणणे आता बरोबर होणार नाही. टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना १९९० पासून तेथे आहे, मोटारींचे सुटे भाग बनवणारे इतर कारखाने आहेत, रुग्णालय आहे. तरीही ट्रकच्या मागणीबरोबर इंजिनांची मागणी वर-खाली होते, आणि तिच्याबरोबर गावाचा मूडही. कमिन्सने २०१९ च्या अखेरीस जगभरातील सुमारे दोन हजार पगारी पदे कमी करण्याचे जाहीर केले होते.

नोकरकपातीचा घरांवर होणारा परिणाम लहान गावात अधिक बोचतो. ज्याची नोकरी जाते त्याला तेथेच दुसरी मिळेलच असे नसते, म्हणून तो घर विकायला काढतो. त्याच सुमारास त्याचे सहकारीही काढतात. आणि एरवी जे विकत घेणारे असते तेही त्याच कंपनीतले असल्याने हात आखडून बसलेले असतात. नोकरी गेली आणि वर घराचा भाव उतरला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. यातून मार्ग एवढाच की, बँक जेवढे द्यायला तयार आहे तेवढे सगळे कर्ज घेऊ नये, आणि पाच वर्षे तरी राहण्याचा बेत नसेल तर घेऊच नये. विकताना दलाली आणि इतर खर्च यांत किमतीचे पाच-सहा टक्के सहज जातात, आणि तेवढी वाढ होण्याआधी विकणारा तोट्यातच राहतो.

प्रश्न : आम्ही पुढील वर्षी कायमचे पुण्याला परतणार आहोत. कोलंबसचे घर भाड्याने देऊन ठेवावे, की विकून यावे? दहा वर्षांत त्याचे मोल बरेच वाढले आहे.
— एक दांपत्य, कोलंबस

वाढलेले मोल पदरात पाडून घेण्याच्या दृष्टीने विकून येणे बहुतांशी बरे, आणि त्याची कारणे भावनेची नसून कराची आहेत.

पहिले कारण मालमत्ता कराचे. इंडियानाच्या मतदारांनी २०१० मध्ये कराच्या मर्यादा राज्यघटनेत घातल्या : मालक स्वतः राहत असलेल्या घरावर मूल्याच्या एक टक्क्यापर्यंत, भाड्याने दिलेल्या घरावर दोन टक्क्यांपर्यंत. (जनमताने मंजूर केलेला शाळांचा जादा कर या मर्यादांच्या बाहेर असतो.) आपण घर सोडलेत की स्वतःच्या निवासाच्या सवलती जातात. हे परगण्याच्या कार्यालयाला कळवणे आपले काम आहे. न कळवल्यास मागाहून फरकासह दंड येतो. कर एक वर्ष मागे चालतो, म्हणजे या १ जानेवारीच्या मूल्यावरचा कर पुढील वर्षी १० मे आणि १० नोव्हेंबरला भरायचा, म्हणून पहिल्या वर्षी भाड्याचा हिशेब गोड दिसतो आणि दुसऱ्या वर्षी कडू लागतो. सवलतींची रचना राज्याच्या २०२५ च्या कायद्याने बदलली आहे, तेव्हा जुन्या बिलावरून आडाखे बांधू नयेत.

दुसरे कारण नफ्यावरील कराचे. विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांत निदान दोन वर्षे आपण त्या घराचे मालक असाल आणि तेथे राहिला असाल, तर पती-पत्नींच्या एकत्रित विवरणपत्रात पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा अमेरिकेच्या करातून वगळता येतो, एकट्याच्या विवरणपत्रात अडीच लाखांपर्यंत. कोलंबसच्या किमती पाहता बहुतेकांचा संपूर्ण नफा यात बसतो. पुण्याला येऊन तीन वर्षांहून अधिक काळ घर भाड्याने ठेवलेत की ही सूट हातची जाते.

तिसरे म्हणजे, अमेरिकेचे कर-रहिवासी नसताना विकल्यास खरेदीदाराला विक्रीच्या किमतीतून १५ टक्के कापून कर खात्याकडे भरावे लागतात. खरेदीदार स्वतः राहणार असेल आणि किंमत तीन लाख डॉलरच्या आत असेल तर ही कपात नाही. खरेदीदार स्वतः राहणार असेल पण किंमत तीन लाखांवर, दहा लाखांपर्यंत असेल तर ती दहा टक्के असते. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मिळवता येते, पण ती नफ्यावर नसून किमतीवर कापली जाते, त्यामुळे कर्जाची बाकी फेडल्यावर हातात येणारी रक्कम अपेक्षेहून फारच कमी असू शकते.

एवढ्यावरही भाड्याने द्यायचे ठरलेच, तर देखभाल पाहणाऱ्या संस्थेशी करार करण्यापूर्वी छप्पर आणि भट्टी नवी करून घ्या, आणि पुण्यातील सनदी लेखापालाला आधीच भेटा. येथील निवासी ठरल्यावर त्या भाड्याचा आणि पुढील विक्रीचा हिशेब भारतातही द्यावा लागतो, तर परतल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत करासाठीचा आपला दर्जा निराळा असू शकतो. विक्रीची तारीख त्या मुदतीत बसवता आली तर बसवावी.